‘चॅटर येतोय, सजेस्ट करा’ एवढ्यावर कोण काय सांगणार?

पत्र थोडक्यात असं आहे. (ओळख पटेल असे तपशील काढलेत.) नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका छोट्या जॉबवर्क शॉपमध्ये काम करणारा ३३ वर्षांचा व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) प्रोग्रामर, सेटिंगही तोच करतो. आयटीआय झाल्यावर ११ वर्षं मशीनवर गेली. बॅचमधल्या एका मित्राला लिंक्डइनवरून चाकणला चांगली नोकरी लागली म्हणून यानेही दीड वर्षापूर्वी खातं उघडलं. आज १,१०० कनेक्शन आहेत पण मेसेजला कुणी रिप्लाय देत नाही. इंग्रजी जेमतेम. आठ व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, तिथे गुड मॉर्निंगच जास्त, एकदा चॅटरबद्दल (कापताना कटर थरथरतो आणि आवाज येतो त्याबद्दल) विचारलं तर अकरा जणांनी अकरा गोष्टी सांगितल्या. रात्री दीड-दोन तास यूट्यूब चालतं, त्यावरून घरात कुरबूर. एकदा हौसेने एका जॉबचा, म्हणजे मशीनवर बनवलेल्या पार्टचा, फोटो टाकला तर मालक भडकले, पोस्ट काढायला लावली, तेव्हापासून काही टाकायची भीतीच बसलीय. शिवाय स्वतःच्या कामाचा ढोल स्वतःच काय बडवायचा, असंही वाटतं. आता कुणीतरी १४,९९९ रुपयांचा ‘लिंक्डइनवर ग्रो करा’ कोर्स सुचवलाय. तर कोर्स करू, की हे सगळं बंद करून गप आपलं काम करू? शेवटी लिहिलंय, ‘ताई, मला अरेतुरेच करा.’

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर अडकले. मध्येच कुठेतरी तू लिहून गेलायस, ‘तसं थ्रेड मिलिंग मी यूट्यूबवर बघूनच शिकलो, आधी एम १६ चे टॅप तुटायचे, आता तो त्रास गेला.’ (टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, थ्रेड मिलिंगमध्ये तेच आटे फिरता कटर पाडतो, एम १६ म्हणजे १६ मिमीचा आटा.) आणि लगेच पुढच्या वाक्यात, ‘पण सोशल मीडियाचा मला काहीच उपयोग झाला नाही.’ अरे मग हे काय होतं? जॉबमध्ये टॅप तुटला की काय होतं हे आपल्या लाइनमध्ये कुणाला सांगायला नको, तो काढायला जॉब स्पार्कवर (ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या मशीनवर) लावायचा, अर्धा दिवस जातो, आणि शेवटच्या ऑपरेशनला तुटला असेल तर आधीची सगळी मेहनत त्याच्याबरोबर भंगारात. ही कटकट तुझ्या शॉपमधून कायमची गेली, ती कुठल्यातरी न बघितलेल्या माणसाने फोनवर दाखवलं म्हणून गेली, आणि तू ते उपयोगात धरतच नाहीस, कारण त्यातून नोकरी लागली नाही.

मला वाटतं इथेच गुंता आहे. शिकणं आणि नोकरी बदलणं ह्या दोन गोष्टी तू एकाच पिशवीत भरल्यास आणि दुसरी जमली नाही म्हणून पिशवीच फेकायला निघालायस. दोन्हींचा संबंध आहे, नाही असं नाही, पण तो मित्राच्या गोष्टीवरून वाटतो तितका सरळ नाही. मित्राने खातं उघडलं आणि नोकरी लागली एवढंच तुला दिसलं, मधलं काय झालं, कुणी कुणाला त्याचं नाव सांगितलं, हे तू त्याला विचारलंयस का? विचार एकदा, चहा पिताना. मला खात्री आहे की मध्ये एखादा माणूस निघेल.

कोर्सचं आधी संपवते. नको करूस. अशा कोर्समध्ये जे शिकवतात ते लाइक कसे वाढवायचे, पोस्ट किती वाजता टाकायची, पहिली ओळ कशी लिहायची. ज्याला लोकांपर्यंत पोचूनच धंदा करायचाय त्याला कदाचित त्यातून काही मिळत असेल, तुला लाइक नकोयत, तुला मशीनवर चांगलं काम करायचंय आणि ते काम चार योग्य माणसांना माहीत व्हायला हवंय. तेवढ्या पैशात एखादा छोटा कॅमचा (मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) क्लास होईल, किंवा बंगळुरूला इमटेक्स हे मशीनचं प्रदर्शन भरतं ना, मेटल कटिंगचं एक वर्षाआड जानेवारीत असतं, २०२५ ला झालं होतं, तिथे जाऊन राहून येण्याचा खर्च निघेल. पाच तास त्या हॉलमधून फिरलास, मशीन चालू असताना शेजारी उभा राहिलास, तर जे डोक्यात जाईल ते कुठल्या कोर्समध्ये नाही. आणि काहीच खर्च करायचा नसेल तर सँडविक कोरोमंट ह्या कटर बनवणाऱ्या कंपनीचं मेटल कटिंगचं ऑनलाइन ट्रेनिंग फुकट आहे, एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्रोफेसरांची मशिनिंगवरची लेक्चर यूट्यूबला फुकट आहेत. लेक्चर थोडी जड जातात, पण एखादं सावकाश बघ.

आता त्या १,१०० कनेक्शनचं. तू लिहिलंयस की तू सगळ्यांना एकच मेसेज पाठवतोस, ‘हाय सर, काही व्हेकन्सी असेल तर प्लीज सांगा’. मी तुझ्यावर रागवत नाहीये, पण जरा समोरच्या खुर्चीत बसून बघ. पुण्यातला एखादा प्रॉडक्शन मॅनेजर, दिवसाला असे वीस मेसेज येतात, तू कोण, कुठल्या मशीनवर काम करतोस, कुठला कंट्रोलर (मशीन चालवणारी कॉम्प्युटर सिस्टिम), काहीच माहीत नाही. तो काय उत्तर देणार? उत्तर न देणं हा तुझा अपमान नाहीये, त्याच्याकडे द्यायला काही नसतंच. 

ह्याच विषयावरचं एक जुनं संशोधन आहे ते तुला सांगते कारण मला त्याने फार विचार करायला लावला होता. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या ज्या लोकांना ओळखीतून नोकरी लागली होती त्यांना त्यांनी विचारलं, हा माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? १०० पैकी जेमतेम १७ जण म्हणाले नेहमी, जवळपास ५६ म्हणाले अधूनमधून, आणि उरलेले म्हणाले क्वचितच. म्हणजे घरच्या, रोजच्या माणसांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त लोकांना काम मिळालं होतं. कारण विचार केला तर सोपं आहे, तुझ्या शॉपमधल्या पोरांना आणि तुझ्या मेव्हण्याला ज्या जागा माहीत आहेत त्या तुलाही माहीत असतातच, नवीन बातमी लांबूनच येते. मग २०२२ मध्ये ‘सायन्स’ मासिकात लिंक्डइनवरचाच अभ्यास आला, पाच वर्षं आणि दोन कोटी लोक. त्यातही तेच निघालं पण दोन गोष्टी जास्तीच्या कळल्या. एक म्हणजे अगदीच अनोळखी माणसाचा उपयोग नाही, थोडीतरी कॉमन ओळख असलेला हवा. आणि दुसरी तुझ्यासाठी फार महत्त्वाची, ज्या क्षेत्रात काम फारसं डिजिटल नाही तिथे उलट घट्ट ओळखीच जास्त कामाला आल्या. 

आता हे तू तुझ्या सातपूरला लावून बघ. आपलं काम लोखंडाचं, कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिला तरी शेवटी धातूची चिप (कीस) मशीनवरच पडते. म्हणून मी तुला सांगेन की ते १,१०० विसर आणि बसून वीस नावं काढ. आयटीआयची बॅच, आधीच्या शॉपमधले सेटर, ज्याने तुला पहिल्यांदा झिरो घ्यायला (माप जिथून सुरू होतं तो बिंदू मशीनला दाखवायला) शिकवलं तो माणूस, आणि त्यांच्या जोडीला मशीनच्या सर्व्हिसला येणारा इंजिनियर, कॅम सॉफ्टवेअरचा सपोर्टवाला, इन्सर्ट आणि कटर विकायला येणारा ॲप्लिकेशन इंजिनियर. ह्या शेवटच्या लोकांकडे आपण फार दुर्लक्ष करतो. तो कटरवाला दिवसाला चार शॉप बघतो, सातपूर, अंबड, सिन्नर सगळीकडे जातो, कुठे नवीन मशीन आलंय, कुठे प्रोग्रामर सोडून गेलाय हे त्याला मालकांच्या बरोबरीने कळतं, आणि मुख्य म्हणजे त्याने तुझं काम डोळ्याने बघितलेलं असतं. त्याला लिंक्डइनवर जोडून घे. तो तुझी ‘लांबची पण अनोळखी नाही’ अशी ओळख आहे, अगदी त्या अभ्यासातल्यासारखी.

आणि ज्याला आजवर भेटला नाहीस अशा माणसाला लिहायचंच असेल तर असं काहीतरी लिही: ‘नमस्कार सर, मी नाशिकला व्हीएमसीवर प्रोग्रामिंग करतो. तुमचा थ्रेड मिलिंगचा व्हिडिओ बघून एम १६ ला ट्राय केलं, टॅप तुटायचे ते बंद झाले, धन्यवाद. एकच विचारायचं होतं, ब्लाइंड होलला खालून वर येताना शेवटचे दोन आटे टाइट लागतात, कटर वाकत असेल का?’ ह्यात नोकरी मागितलेली नाही, पण वाचणाऱ्याला तू कोण आहेस ते कळलं. असा मेसेज आला तर मी तरी हातातलं काम ठेवून उत्तर देईन.

म्हणजे सगळं प्रश्न विचारण्यावर येतं बघ. ह्यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुझा तो चॅटरवाला किस्सा वाचून मला माझाच एक प्रसंग आठवला. मी २२ वर्षं क्वालिटीत काढली, त्यातली बरीच सीएमएमच्या (अचूक मापं घेणाऱ्या मशीनच्या) खोलीत. क्वालिटीवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलाने विचारलं, स्टीलचा जॉब आहे, ३०० मिमीची लांबी मशीनवर मायक्रोमीटरने बरोब्बर येतेय आणि सीएमएमवर ३०-३५ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) कमी, काय करू? मी दोन मिनिटांत उत्तर टाकलं, मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला पाठव. त्याने पाठवला. चार दिवस गेले, मायक्रोमीटर ओके होऊन परत आला, लांबी कमी ती कमीच. मग ग्रुपवर फारसे कधी न बोलणारे कोल्हापूर शिरोलीचे एक ज्येष्ठ गृहस्थ होते त्यांनी एवढंच विचारलं, ‘बाळा, मशीनवर मोजलास तेव्हा जॉब हाताला गरम लागत होता का?’ लागत होता. मशीनवरून उतरवल्या उतरवल्या मोजायचा तो. स्टील एका मीटरला दर डिग्रीमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, ३०० मिमीचा जॉब १० डिग्रीने गरम असेल तर झाले ३५ मायक्रॉन, आणि मोजमाप धरायचं असतं ते २० डिग्रीला. हे मला पाठ होतं रे. रोजचं काम होतं माझं. तरी मी विचारलं नाही, उत्तर द्यायची घाई केली आणि त्या पोराचे चार दिवस घालवले. मी ग्रुपवरच त्याची माफी मागितली, आणि तेव्हापासून कुणीही काही विचारलं की आधी एक प्रश्न उलटा विचारल्याशिवाय उत्तर देत नाही.

आता तुझा मेसेज बघ. ‘१२ च्या कटरला चॅटर येतोय, सजेस्ट करा.’ त्यावर कुणी म्हणालं फीड कमी कर, कुणी म्हणालं फीड वाढव, कुणी कूलंट, कुणी मशीनच जुनं झालंय. त्या अकरा जणांची चूक नाही, त्यांना दिसत काय होतं? बाकीचं तू मला पत्रात लिहिलंस, त्यांना लिहिलं नव्हतंस. तोच प्रश्न असा लिहिला असतास तर: ‘मटेरियल ईएन २४, हार्डनेस २८-३० एचआरसी. १२ डायाचा ४ फ्लूट सॉलिड कार्बाइड एंडमिल, कोलेटमध्ये, बाहेर ६० मिमी. २,४०० आरपीएम, फीड ४८०. पॉकेट ४५ मिमी खोल, कोपऱ्याची रेडियस ६. सरळ भिंतीला आवाज नाही, फक्त कोपऱ्यात येतो आणि तिथे खुणा पडतात. फीड ४०० करून बघितला, फरक नाही.’

मी प्रोग्रामर नाही, पण एवढं वाचल्यावर मलाही दोन गोष्टी दिसतात. ४५ च्या पॉकेटला (खळग्याला) कटर ६० बाहेर कशाला? कटर किती वाकतो ते त्याच्या बाहेर आलेल्या लांबीच्या (ओव्हरहँगच्या) घनावर असतं, म्हणजे ६० चा ५० केलास तर तो जवळपास पावणेदोन पट ताठ होतो, होल्डर भिंतीला घासत नाही ना एवढं बघायचं. आणि कोपरा रेडियस ६, कटरही १२ डायाचा म्हणजे रेडियस ६ च, तो कोपऱ्यात जाऊन बसतो आणि एकदम पाव गोलात मटेरियल धरतो, आवाज तिथेच येणार. कोपऱ्यात थोडं मटेरियल सोडून नंतर १० च्या कटरने काढ, किंवा कॅममध्ये ट्रॉकॉइडल (छोट्या गोलगोल फेऱ्यांचा) पाथ लावून बघ. बघ, तुझ्याच माहितीतून उत्तर निघालं. बऱ्याचदा असंच होतं, प्रश्न नीट लिहायला बसलं की शेवटच्या ओळीपर्यंत आपल्यालाच उमगतं आणि पाठवायची गरज पडत नाही.

आणि पाठवलंस, उत्तर मिळालं, तर परत जाऊन सांग. हे कुणीच करत नाही. प्रश्न विचारतात, दहा जण डोकं लावतात, आणि पुढे काय झालं ते कुणाला कळतच नाही. तू दोन दिवसांनी त्याच ग्रुपवर टाक, ‘ओव्हरहँग ५० केला, आवाज निम्मा झाला, कोपरे १० च्या कटरने काढले, आता फिनिश चांगलं आहे, ह्यांचा आणि ह्यांचा उपाय चालला, बाकीचे करून बघितले नाहीत.’ चार महिने असं केलंस ना, त्या आठ ग्रुपमधल्या दोन तरी ग्रुपवर तुझं नाव लोकांच्या लक्षात राहील. बाकीचे सहा ग्रुप म्यूट कर, सोडलेस तरी चालतील.

ढोल बडवण्याचं जे लिहिलंयस त्याबद्दल. मी नवीन होते तेव्हा शॉपमध्ये एक सेटर होते, हात सोन्याचा. त्यांच्या खिशात छोटी वही असायची, कुठल्या मटेरियलला काय स्पीड, काय फीड, कुठल्या जॉबला कसं क्लॅम्पिंग, सगळं त्यात. कुणी जवळ आलं की वही बंद. त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं, चोरून बघून शिकले होते, म्हणून असेल. ते रिटायर झाले आणि वही त्यांच्याबरोबर गेली, पुढचे सहा महिने शॉपने तेच जॉब पुन्हा चुकत चुकत शिकले. मला त्या माणसाबद्दल आजही आदर आहे पण त्या वहीचं वाईट वाटतं. तू थ्रेड मिलिंग कसं बसवलंस, पहिल्या दोन होलला काय चुकलं, हे लिहिलंस तर ती वही उघडल्यासारखं आहे. ‘मी किती भारी’ असं त्यात एक अक्षर नाही. जे कळलं ते लिही, जे फसलं ते तर जरूर लिही, त्याच पोस्ट लोक शेवटपर्यंत वाचतात.

आता मालक. इथे मी त्यांच्या बाजूने आहे, तुला वाईट वाटेल पण सांगते. जॉब तू केलास, पण डिझाइन कस्टमरचं आहे. ऑटोमोबाइल असो, डिफेन्स असो, बऱ्याच कस्टमरशी गुप्ततेचा करार असतो आणि तो सही केलेला असतो मालकाने. एका फोटोवरून पार्ट कोणाचा ते जाणकाराला ओळखता येतं, आणि नुसता जॉबच नाही, मागे ट्रेवर चिकटवलेला पार्ट नंबर, बोर्डावर लिहिलेलं कस्टमरचं नाव, टेबलावरचं ड्रॉइंग, सगळं फोटोत येतं. ती ऑर्डर गेली तर तुझ्यासकट पंधरा जणांच्या पगारावर येईल. ते ओरडले ते त्या धास्तीने. ओरडायची पद्धत चुकली असेल, मला माहीत नाही.

पण म्हणून काहीच टाकायचं नाही असंही नाही. त्यांच्याकडे जा, शांतपणे बोल, ‘सर त्या दिवशी माझं चुकलं, कस्टमरचा जॉब मी परत कधी टाकणार नाही. भंगारातल्या ब्लॉकवर स्वतःच्या मापाचा एखादा सॅम्पल केला, तो टाकला तर चालेल का? आधी तुम्हाला दाखवीन.’ हो म्हणाले तर तेच व्हॉट्सॲपवर लिहून त्यांना पाठवून ठेव, म्हणजे दोघांच्या लक्षात राहतं. नाही म्हणाले तर फोटोशिवायही चालतं, हाताने काढलेली आकृती, कॅमच्या सिम्युलेशनमध्ये स्वतः बनवलेलं मॉडेल, किंवा नुसतं लिहिलेलं. मालकांना बहुतेक दुसरीही भीती असेल की हा पोरगा चार लोकांत दिसला तर सोडून जाईल. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, तू कधीतरी जाशीलही, पण असेपर्यंत शॉपचं नाव चांगल्या कामासाठी घेतलं गेलं तर त्यांचंही त्यात भलंच आहे, हे त्यांना दिसायला थोडा वेळ लागेल. 

(मला लॅब टेक्निशियनची, नर्सची, शिक्षिकांचीही अशी पत्रं येतात, त्यांनाही हेच लागू आहे. पेशंटचा रिपोर्ट नाव झाकून टाकला तरी बारकोड राहतो, वर्गातल्या मुलांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत. आपण काय शिकलो ते आपलं असतं. ज्याच्यावर शिकलो तो जॉब, तो पेशंट, ते मूल आपल्या मालकीचं नसतं.)

इंग्रजीचं तू फार मनाला लावून घेतलंयस. लिंक्डइन २०२४ पासून मराठीतही वापरता येतं, आणि तसं नसतं तरी पोस्ट मराठीत लिहायला कुणाची हरकत होती? तुझे वाचणारे कोण आहेत, नाशिक, पुणे, कोल्हापूर, संभाजीनगरची मशीनवरची माणसं. ‘धातुकाम’ नावाचं मराठी मासिक मशिनिंगवरच निघतं, ते बघ, आपल्या विषयावर मराठीत किती नेमकं लिहिता येतं ते कळेल. फक्त प्रोफाइलची वरची ओळ इंग्रजीत ठेव, कारण एचआरवाले शोधतात ते मशीनच्या आणि कंट्रोलरच्या नावाने. व्हीएमसी प्रोग्रामर, कंट्रोलर फॅनुक की सीमेन्स, कुठलं कॅम सॉफ्टवेअर, तीन ॲक्सिस की चार, किती वर्षं. आत्ता तुझ्या प्रोफाइलवर ‘हार्डवर्किंग अँड डेडिकेटेड’ लिहिलंयस, ते काढून हे टाक, दहा मिनिटांचं काम आहे.

रात्रीच्या दोन तासांचं मात्र घरचे बरोबर बोलतायत. तुझ्या लिहिण्यावरून ६० व्हिडिओ सेव्ह करून ठेवलेत, त्यातले मशीनवर किती करून बघितले? मला थ्रेड मिलिंग एवढाच दिसला. एका आठवड्याला एक व्हिडिओ घे, वहीत लिहून काढ, आणि सुपरवायझरला विचारून भंगाराच्या ब्लॉकवर करून बघ, झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. अर्धा तास पुरतो. आणि एक काळजीने सांगते, ते परदेशी व्हिडिओमधले स्पीड-फीड जसेच्या तसे घालू नकोस, त्यांचं मशीन नवीन, कूलंट स्पिंडलमधून येतं, होल्डर वेगळे, तुझं मशीन बारा-पंधरा वर्षांचं असेल तर निम्म्यापासून सुरुवात करून कानाने ऐकत वर जा. स्पिंडल गेला तर मालक ह्या वेळी फोटोपुरते ओरडणार नाहीत.

नोकरी शोधताना कुणी रजिस्ट्रेशनचे, गेटपासचे, युनिफॉर्मच्या डिपॉझिटचे पैसे मागितले की तिथेच थांब, चांगली कंपनी कामगाराकडून पैसे घेत नाही. गेलेच पैसे तर लाजत बसू नकोस, लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लाव. आणि हे वाचणाऱ्या क्वालिटीतल्या, डिझाइनमधल्या मुलींनो, तुमच्या कामाबद्दल एक शब्द न बोलता फोटोचं कौतुक करणाऱ्या मेसेजला उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर नाही, स्क्रीनशॉट ठेवा आणि ब्लॉक करा, त्याने तुमचं काही नुकसान होत नाही. मोबाइल नंबर प्रोफाइलवर टाकू नका.

तर बंद करू का ह्याचं उत्तर नाही असं आहे, पण आज करतोस तसंही चालू ठेवू नकोस. ह्या रविवारी वीस नावांची यादी कर, त्यातल्या तिघांना फोन लाव, मेसेज नको, फोन. ज्याने तुला झिरो घ्यायला शिकवलं त्याला पहिला. सोमवारी मालकांशी बोल. आणि ते ४५ चं पॉकेट परत मशीनवर लागेल तेव्हा ओव्हरहँग किती ठेवलास, कोपऱ्यात आवाज आला का, हे आधी त्या ग्रुपवरच्या अकरा जणांना लिही आणि मग मलाही कळव, मी वाट बघतेय.